न दुखणारा पाय

पायाखालचं पाणी उकळतं आहे हे आबांना त्यांच्या पायांनी सांगितलं नाही, थोरल्याच्या चेहऱ्याने सांगितलं.

सकाळचे दहा वाजले असतील. इस्पितळाच्या चादरींची दुसरी खेप धुऊन निघाली होती आणि खाली लॉन्ड्रीत नेहमीचा ओलसर, साबणाचा उबारा भरला होता. आबा भिंतीकडच्या जुन्या वाफेच्या प्रेससमोर उभे होते, जिथे ते गेली चाळीस वर्षं उभे होते. पाटावर डॉक्टरांचा कोट पसरायचा, पायाने पेडल दाबायचं, वरचा जड माथा खाली येतो, वाफ फुसफुसते, पाय काढला की माथा वर. आख्खी लॉन्ड्री नव्या यंत्रांनी भरली तरी कॉलर आणि बाह्या या प्रेसवरच, आणि प्रेस आबांकडेच. थोरला मुलगा दाराशी गोण्या बांधत होता. सहज मान वर केली तर त्याला दिसलं की आबांच्या कॅनव्हासच्या बुटांभोवती वाफ उठते आहे.

"आबा, बाजूला व्हा."

आबांना वाटलं, वरून काही पडतंय. त्यांनी छताकडे पाहिलं.

मग थोरल्याने धावत येऊन त्यांना कमरेला धरून उचललंच. बॉयलरच्या पाइपाचा सांधा सुटला होता आणि उकळतं पाणी जमिनीच्या उतारावरून सरळ प्रेसखाली येऊन साचलं होतं. किती वेळ ते त्यात उभे होते, देव जाणे. दोन कोट तरी इस्त्री करून झाले होते. आबा संतापले, मला काय पोर समजतोस का म्हणाले. थोरली सून बादली घेऊन धावली, तिने खुर्ची सरकवली, उजवा बूट ओढून काढला. मोज्याबरोबर कातडीही निघाली. तिने मान फिरवली.

आबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. लाल, सोललेला, पाणी सुटलेला तो पाय त्यांना कुणा दुसऱ्याचाच वाटला.

"दुखत नाही," ते म्हणाले. चांगली बातमी सांगावी तसं म्हणाले.

कुणीच त्या बातमीवर खूश झालं नाही.

इस्पितळात जखम धुताना परिचारिकेला करंगळीच्या खाली आणखी एक गोष्ट सापडली. शर्टाचं पांढरं बटण. बुटात पडून मांसात रुतलं होतं, आणि त्याभोवती एक जुनी, काळपट, वास मारणारी जखम होती. चिमट्याने ते बटण तिने एका वाटीत टाकलं तेव्हा टण् असा आवाज आला. आबांची बायको, जिला सगळं घर आणि निम्मी गल्ली आई म्हणे, त्या आवाजाने दचकली. बटण पंधरा दिवसांपूर्वीचं तरी असावं, परिचारिका म्हणाली. पंधरा दिवस माणूस बटणावर चालला आणि त्याला पत्ता नाही.

डॉक्टरीणबाई वयाने आबांच्या मुलीएवढी होती. बुटकी, शांत, प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहणारी. साखरेचा विकार किती वर्षांचा, तिने विचारलं. आबा म्हणाले, असेल चार-पाच वर्षांचा.

"चौदा," आई म्हणाली.

"गोळ्या नियमित?"

आबा म्हणाले, अगदी नियमित. आईने या वेळी काहीच म्हटलं नाही, आणि डॉक्टरीणबाईने ते न म्हटलेलंही लिहून घेतलं असावं, कारण तिचं पेन हललं. बरं वाटत असेल तर औषध कशाला, हा आबांचा चौदा वर्षांचा हिशेब. साखर रक्तात असते, कामात नसते, असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगत. त्यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं, की त्यातली चिमूटभर जिभेवर आली असती तर घराचं भलं झालं असतं.

मग तपासणी सुरू झाली. रबरी हातोडीने घोट्यामागे ठोकून पाहिलं, पाय हलला नाही. थरथरणारा धातूचा चिमटा अंगठ्याच्या हाडावर टेकवला, थरथर कळते का विचारलं. आबा म्हणाले, थोडी. शेवटी तिने एका दांडीला लावलेला जाड नायलॉनचा धागा काढला, डावा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आता डोळे मिटा. धागा टेकला असं वाटलं की हो म्हणा. बाकी काही नाही."

परीक्षाच ही. आबांनी डोळे मिटले आणि कान उघडले.

हे त्यांना जमत होतं. कुणाला ठाऊक नव्हतं, पण गेलं दीड वर्ष ते पायांनी काम करतच नव्हते, कानांनी करत होते. पेडल किती दाबलं गेलं हे वाफेच्या आवाजावरून, जिन्याची पायरी आली हे चपलेच्या आवाजावरून. आणि ही बाई जो कोट घालून बसली होती त्याला खळ त्यांच्याच लॉन्ड्रीत लागली होती. खळीची बाही कोपरात वाकली की बारीक करकरते. ती करकरली की आबा म्हणत, "हो." थोड्या वेळाने पुन्हा करकर. "हो." मधे बराच वेळ शांतता गेली, तेव्हा ते गप्प राहिले. पुन्हा करकर. "हो." त्यांना वाटलं, निभावलं.

"उघडा डोळे," ती म्हणाली.

त्यांनी आधी तिच्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं. आई तोंडावर हात धरून उभी होती. थोरल्याने मान खाली घातली होती.

डॉक्टरीणबाईच्या आवाजात राग नव्हता. ती म्हणाली, "मी दहा ठिकाणी धागा टेकवला. अगदी वाकेपर्यंत टेकवला. त्या दहाही वेळा तुम्ही गप्प होतात. तुम्ही हो म्हणालात ते मी नुसता हात हलवला तेव्हा."

जन्मभर समोरच्याची लबाडी एका नजरेत ओळखणाऱ्या आबांना स्वतःची पकडली गेल्यावर कुठे पाहावं ते कळेना.

तिने मग सगळं उलगडून सांगितलं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की स्पर्श आणि वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा झिजत जातात. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून आरंभ तिथून. पूर्वी पाय जळायचे का, मुंग्या यायच्या का, तिने विचारलं. उत्तर आईने दिलं.

"तीन वर्षं जळत होते. रोज काम संपलं की मोरीच्या ओल्या फरशीवर पाय टेकवून बसायचे. चादरसुद्धा सोसायची नाही पायांवर. मग हळूहळू थांबलं. आम्हाला वाटलं, बरं झालं."

"बरं झालं नव्हतं," ती म्हणाली. "दुखलं म्हणून सांगणारी नसच गेली होती."

गेलेली जाणीव बहुतेक परत येणार नव्हती. उरलेली राखायची होती. साखर आटोक्यात आणायला रोजचं इंजेक्शन, पाय रोज डोळ्यांनी तपासायचे, कारण आता डोळ्यांशिवाय त्यांना वाली नव्हता. भाजलेलं भरून येईल, पण करंगळीच्या हाडापर्यंत विष पोचलं होतं, ती काढावी लागेल. नंतर दोन-तीन महिने खास बूट, तळव्यावर भार नाही. उभं राहायचं काम बंद.

थोरल्याला ते शेवटचं वाक्य झेपलं नाही. चाळीस वर्षं हे प्रेसवर उभे आहेत, तो म्हणाला, पेडलचा प्रेस, यांच्यासारखा हात कुणाचा नाही.

डॉक्टरीणबाई थांबली. "पेडल पायाने दाबायचं?"

"पायानेच."

"मग ते आजपासून बंद. पाय पेडलवर आहे की जमिनीवर, हे यांना पाहिल्याशिवाय कळणार नाही. बऱ्याच काळापासून कळत नसेल."

बोलणं पुढच्या गोष्टीकडे गेलं, पण आबा तिथेच राहिले. त्यांची नजर आपोआप दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या सुनेच्या हाताकडे गेली. कागदांची फाइल धरलेला तो उजवा हात, ज्याची मधली दोन बोटं आता पुरती मिटत नसत. सुनेने ते पाहिलं, आणि हात हळूच फायलीखाली घेतला.

ती हालचाल एवढीशी होती. पण त्यातून आबांना कळायचं ते सगळं कळलं. तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

*

करंगळी काढली. आठव्या दिवशी आबा घरी आले. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर हे घर. खाली बॉयलर असल्याने त्याची फरशी बारा महिने कोमट. आबांचा पाय पट्ट्यांत गुंडाळून स्टुलावर ठेवलेला, आणि स्टूल खोलीच्या मधोमध, जणू घरात तोच एक पाहुणा.

बैठक मुलीने बोलावली होती. ती शाळेत शिकवे, आणि चार माणसं एकत्र दिसली की त्यांना रांगेत बसवायची तिला सवय होती. आबांचं पुढे काय आणि प्रेसचं काय, हे एकदा ठरवून टाकू, ती म्हणाली. तिने धाकट्या भावालाही निरोप धाडला होता. तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. दीड वर्षात तो हा जिना चढला नव्हता.

तो आला. दाराजवळच्या खुर्चीच्या काठावर बसला, सरकारी कचेरीत बसावं तसा. आईने पाणी आणून दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं. आबांना दिसलं की तो वाळला आहे. शर्टाची कॉलर मानेपासून बोटभर सुटली होती, आणि ती कुणीतरी वाईट इस्त्री केली होती.

मुलीचं म्हणणं होतं, आबांनी तिच्या घरी राहावं. तिथे जिना नाही, खाली यंत्रं नाहीत, म्हणजे पाय आपोआप थांबेल. थोरला म्हणाला, आबांना इथून हलवलं तर ते जगतील पण राहणार नाहीत. गिऱ्हाइकांशी बोलायला खुर्चीवर बसू दे त्यांना. मुलगी म्हणाली, खुर्ची ते दोन दिवस धरतील, तिसऱ्या दिवशी उभे असतील. हे सगळ्यांनाच पटल्यासारखं झालं, आबांनासुद्धा. मग अनपेक्षितपणे थोरली सून नणंदेच्या विरोधात बोलली. आबा इथेच राहतील, मी पट्टी बदलेन, मी पाय पाहीन, ती म्हणाली. मुलगी म्हणाली, वहिनी, तुझ्या हाताला आधीच... आणि मधेच थांबली.

"तो प्रेसच काढून टाकू," थोरला घाईने म्हणाला. "भंगारात देऊ. त्या पेडलने घरात एकदा घात केलाच आहे."

"पेडलने नाही," धाकटा दाराजवळून म्हणाला. आल्यापासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य. "माझ्या कामाने. तसंच ठरलं होतं ना?"

खाली धुलाईचं यंत्र गरगरत होतं.

तसंच ठरलं होतं. दीड वर्षापूर्वी थोरली सून पाटावर कॉलर सारखी करत होती आणि प्रेसचा तापलेला माथा तिच्या बोटांवर आला. दोनच दिवस आधी धाकट्याने पेडलची स्प्रिंग बदलली होती. घरातली सगळी यंत्रं त्याच्या हाताखालून जायची, बोल्ट नुसत्या आवाजावरून ओळखायचा तो. आबांनी सगळ्या कामगारांसमोर त्याच्यावर खापर फोडलं. पेडल अडकतंय, ते म्हणाले, तुझ्या हलगर्जीपणाने माझ्या सुनेचा हात गेला. त्याने तिथल्या तिथे स्प्रिंग काढून दाखवली, पेडल शंभरदा दाबून सोडून दाखवलं. एकदाही अडकलं नाही. आबा म्हणाले, यंत्राची बाजू घेऊन बापाला खोटं पाडतोस? चालता हो. दुसऱ्या संध्याकाळी तो चालता झाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला बाटल्या भरायच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करू लागला.

आबांनी घसा साफ केला.

"पेडल अडकलं नव्हतं," ते म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"माझा पाय होता त्याच्यावर. मला वाटलं, जमिनीवर आहे."

थोरल्याने लगेच पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आबा, हे तुम्हाला आत्ता डॉक्टरांचं ऐकून वाटतंय, तो म्हणाला. तेव्हा तुम्हाला काय ठाऊक? आजारच तो. आजारात कुणाचा दोष नसतो.

ही पळवाट होती, चांगली रुंद, आणि थोरल्याने ती प्रेमाने उघडून धरली होती. आबा तिच्यातून गेले असते तर कुणी अडवलं नसतं. त्यांनी खांद्यावरचा हात बाजूला केला.

"पांघरूण नको घालूस," ते म्हणाले. "त्या दिवशी माहीत नव्हतं, हे खरं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच खाली गेलो. पेडलवर पाय ठेवला, डोळे मिटले. पाय आहे की नाही ते कळेना. खाली वाकून बघावं लागलं." ते थांबले. "म्हणजे दुसऱ्या दिवशीच मला शंका आली होती. मी ती कुणाला सांगितली नाही. हा तोवर घरातच होता. संध्याकाळी गेला."

शेवटचं वाक्य त्यांनी स्टुलावरच्या पायाकडे पाहून म्हटलं.

मुलगी रडू लागली. आई भिंतीला टेकली. धाकटा मात्र बापाकडे पाहतच नव्हता. तो वहिनीकडे पाहत होता.

"वहिनी, तुम्ही तिथे होता. तुमचे हात पाटावर होते, पण डोळे?"

तिने एकदा आबांकडे पाहिलं.

"पाहिलं होतं," ती म्हणाली.

थोरला गर्रकन वळला. दीड वर्षात ही गोष्ट त्याच्याही कानावर आली नव्हती. तू मला का नाही बोललीस, त्याने विचारलं. त्याच्याकडे न पाहता ती दिराशीच बोलत राहिली. हात पट्टीत होता, ती म्हणाली, घर आबांच्या शब्दावर चाललेलं. तेव्हा मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, सून सासऱ्यावर उलटली. शिवाय त्यांनी मुद्दाम केलं नाही हेही दिसत होतं. वाटलं, चूक कळायला माणसाला थोडा वेळ लागतो. आज बोलतील, उद्या बोलतील.

"मी वाट पाहिली," ती म्हणाली.

"तुम्ही घरात बसून पाहिलीत," धाकटा म्हणाला. "मी बाहेर होतो."

तिने नुसती मान हलवली.

मग आई बोलू लागली. पाय जळणं थांबलं तेव्हाच मला बरं वाटायला नको होतं, ती म्हणाली. गोळ्या उशाखाली साठत होत्या त्या मला सापडल्या होत्या. घरात भांडण नको म्हणून मी त्या परत बाटलीत भरून ठेवत होते. थोरला म्हणाला, आबांची चाल बिघडली हे मलाही दिसत होतं, वय म्हणून सोडून दिलं. एकेक जण आपापली मूठ उघडू लागला. इतके दिवस झाकली होती ती आता कुणालाच झाकवेना.

धाकट्याने हातातलं पाणी न पिताच खाली ठेवलं आणि उठला.

"म्हणजे सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं," तो म्हणाला. "ते सगळं मिळून मला एकट्याला भरावं लागलं."

आई पुढे झाली, जेवून जा म्हणाली. कामाची वेळ आहे, तो म्हणाला. आबांना उठायचं होतं, दारापर्यंत जायचं होतं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि सुनेने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. न मिटणाऱ्या बोटांचा तो हात होता. ते बसले. बसल्या जागेवरून ते म्हणाले,

"चूक माझी होती."

चाळीस वर्षांत या घरात कुणी आबांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. धाकट्याने दाराच्या कडीवर हात ठेवला होता. तो तसाच उभा राहिला.

"ऐकलं," तो म्हणाला.

आणि जिना उतरून गेला. त्याची पावलं आबांनी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. वाटेत तो कुठे थांबला नाही.

*

प्रेस भंगारात गेला नाही. थोरल्याने त्याचं पेडल काढून हाताची कळ बसवून घेतली, आणि त्याच्यापाशी सून उभी राहू लागली. आधी कॉलरला चुण्या पडत, गिऱ्हाइकांनी दोनदा बोलून दाखवलं. मग पडेनाशा झाल्या. थोरला आणि ती महिनाभर एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. त्या एका गोष्टीने त्यांच्यात जे आलं होतं ते एका दिवसात जाण्यासारखं नव्हतं, आणि दोघांनी ते जाण्याची घाईही केली नाही.

आबा खुर्चीत बसले. बसणं त्यांना करंगळी जाण्याहून जड गेलं. पहिल्या आठवड्यात ते सगळ्यांवर खेकसले, दुसऱ्यात गप्प झाले, तिसऱ्यात त्यांनी कोटांचे खिसे तपासायचं काम मागून घेतलं. धुण्याआधी खिशात काही राहत नाही ना, ते पाहायचं. हात अजून शाबूत होते. कागद, पेन, चावी बोटांना लागताच कळे.

रोज सकाळी आई आरसा घेऊन त्यांच्यासमोर बसे. आधी डावा तळवा, मग उजवा, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा. पोटात इंजेक्शन आधी ती डोळे बारीक करून टोचे, मग बोलता बोलता टोचू लागली. साखर उतरली, पुन्हा थोडी चढली, पुन्हा उतरली. एके दिवशी आबांनी तिला विचारलं, माझ्या पायांत आता काय बघतेस एवढं. ती म्हणाली, चौदा वर्षं बघायचं राहिलं ते बघते. त्यांनी पाय हलवला नाही.

जखम दर मंगळवारी इस्पितळात दाखवायची असे. तिथल्या ओसरीत भिंतीला लागून खुर्च्यांची लांब रांग, प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी. बहुतेकांचे पाय पट्टीत. तीन मंगळवार थोरला सोबत होता. चौथ्या मंगळवारी त्याने आबांना बसवलं आणि तो औषधांच्या खिडकीवर गेला. आबांनी चिठ्ठी पाहिली. तेवीस. आत बावीस चालला होता.

शेजारच्या खुर्चीवर कुणी येऊन बसलं. आबांनी लक्ष दिलं नाही. मग त्यांना मशिनच्या तेलाचा वास आला.

धाकटा होता. तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता. तो आपल्यासाठी आला आहे असं आबांना एक क्षण वाटलं. मग त्यांना त्याच्या मांडीवरची फाइल दिसली. तिच्यावर त्याचंच नाव होतं.

त्यांनी ते नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"कारखान्यात नोकरीआधी रक्त तपासतात. तेव्हा कळलं. दीड वर्ष झालं."

म्हणजे घर सोडल्याच्या पहिल्याच महिन्यात. बापाला काय झालं आहे हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि तोच आजार हा एकट्याने खिशात घेऊन फिरत होता.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"गोळ्या?"

"घेतो. मधेमधे राहतात."

मधेमधे राहतात, या शब्दांचं वजन या ओसरीत आबांइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांच्या जिभेवर पुष्कळ आलं. रागवावं, बजवावं, हात धरून आत न्यावं. पण तो हक्क त्यांनी स्वतःच घालवला होता, आणि तो मागून मिळत नाही हेही त्यांना आता कळत होतं.

"पाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

धाकट्याने बुटातल्या बुटात पाय हलवला.

"जळतात," तो म्हणाला. "दिवसभर उभं राहिलं की. आठ-दहा महिने झाले. त्या दिवशी तुमचं सगळं ऐकलं, आणि घरी गेल्यावर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"जळतात ना," आबा म्हणाले. "जळतात हे चांगलं आहे. अजून सांगतायत."

धाकट्याने पहिल्यांदा वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"आत गेल्यावर तिला सगळं सांग," आबा म्हणाले. "राहिलेल्या गोळ्यासुद्धा. त्या बाईला खोटं चालत नाही. मी करून पाहिलंय."

धाकट्याच्या ओठांच्या कडेला किंचित काहीतरी हललं, आणि लगेच विरलं. त्याने चिठ्ठी उलटी करून पाहिली. त्याचा नंबर एकतीस होता. दुपारपाळीला कारखान्यात पोचायचं होतं, तो म्हणाला. आज जमेलसं वाटत नाही, पुढच्या मंगळवारी बघू.

आतून परिचारिकेने हाक दिली. तेवीस नंबर.

आबांनी त्याच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि आपली त्याच्या हातात ठेवली. परिचारिकेने पुन्हा हाक दिली. धाकटा चिठ्ठीकडे पाहत बसून होता.

"मी बसतो," आबा म्हणाले. "आधी तू जा."